गोव्यात ट्रायलोबाईट सापडेल का?

साखळीच्या एका ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. वाळपईजवळच्या व्हाळात त्यांच्या आठवीतल्या मुलीला तळहाताएवढा, काळपट करडा, आडव्या वळ्यांचा दगड मिळाला. तो ट्रायलोबाईट, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या कवचधारी समुद्री संधिपादाचा जीवाश्म, असेल का? हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारातून ‘मोरोक्कोचा’ म्हणून घेतलेला ट्रायलोबाईट अस्सल आहे की नाही, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर येणारा हॉर्सशू क्रॅब हा ट्रायलोबाईटचा वंशज आहे असं मुलगी म्हणते, ते बरोबर का?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे: तो ट्रायलोबाईट नाही. दगड हातात न घेताही मी हे सांगू शकते, कारण जीवाश्माच्या बाबतीत ‘हा कशासारखा दिसतो’ हा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न ‘हा कुठून आला, कुठल्या थरातून आला’ हा. भूशास्त्र शिकवताना आणि मुलांना घेऊन खाणी, घाट, किनारे हिंडताना मी सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली गोष्ट हीच असेल.

गोव्याचा पाया धारवाड काळातल्या खडकांचा आहे. बार्सें, सांवर्डे, डिचोली, वाघेरी ही आपल्याकडची नावं भूशास्त्रज्ञांनी या खडकांच्या गटांना दिली आहेत. त्यांचं वय साधारण २५० कोटी वर्षं आणि त्याहून जास्त. अनमोड घाटातला नाइस खडक आणखी जुना, सुमारे ३४० कोटी वर्षांचा. सत्तरीच्या वरच्या अंगाला, राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात दख्खनच्या लाव्ह्याचे थर थोडेफार आहेत, ते ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचे. आणि ज्याचे आपण चिरे काढतो तो जांभा म्हणजे याच सगळ्या खडकांची पावसापाण्याने झालेली झीज, तो त्याहून अलीकडचा.

आता ट्रायलोबाईटांचा काळ बघा. त्यांचे सगळ्यात जुने जीवाश्म सुमारे ५२.१ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि शेवटचे ट्रायलोबाईट २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या अखेरीस झालेल्या महाविनाशात संपले. म्हणजे गोव्याचे जुने खडक घडले तेव्हा ट्रायलोबाईट जन्मायला जवळजवळ २०० कोटी वर्षं अवकाश होता, आणि वरचा लाव्हा वाहिला तेव्हा ते संपून १८ कोटींहून अधिक वर्षं उलटली होती. त्यांच्या सबंध २७ कोटी वर्षांच्या हयातीतला एकही थर गोव्याच्या जमिनीत नाही.

बऱ्याच ठिकाणी असं वाचायला मिळतं की गोव्याचे खडक रूपांतरित आहेत, उष्णतेने आणि दाबाने बदललेले आहेत, म्हणून त्यांत जीवाश्म टिकले नाहीत. हे अर्धंच खरं आहे. वेल्समधल्या पाटीच्या दगडात, म्हणजे दाबाखाली बदललेल्याच खडकात, अँजेलिना नावाचा ट्रायलोबाईट सापडतो. तो एका बाजूला ओढल्यासारखा वाकडातिकडा झालेला असतो, पण ओळखू येतो. स्पितीतलेही पुष्कळ नमुने असे चेपलेले आहेत. गोव्यात ट्रायलोबाईट नाहीत याचं मुख्य कारण दाब नाही, वय आहे.

‘व्हाळातून वाहत आला असेल’ ही शंका रास्त आहे. पण व्हाळ फक्त आपल्या वरच्या भागातलंच खाली आणतो. म्हादई खानापूर तालुक्यातून येते. त्या बाजूला धारवाडचे खडक, दख्खनचा लाव्हा आणि फार तर कलादगीचे वालुकाश्म. तेही ट्रायलोबाईटांच्या आधीचेच. घरातल्या कोटा फरशीतही शोधू नका, तो चुनखडकही विंध्य काळातला, त्यांच्या कितीतरी आधीचा.

मग हातात काय आहे? वर्णनावरून मला तो फिलाइट वाटतो. चिखलाचा खडक दाबाखाली पातळ पदरांचा होतो, आणि पुढे दुसऱ्या दिशेने दाब आला की त्या पदरांना बारीक, एकसारख्या वळ्या पडतात. व्हाळाच्या पाण्याने कडा गुळगुळीत केल्या की वळ्यांचा लंबगोल तयार होतो आणि पाठ्यपुस्तकातलं चित्र आठवतं. मुलीला सांगा, दगड उलटा कर आणि वळ्या कडेवरून मागच्या बाजूला जातात का ते बघ. फिलाइटच्या वळ्या दगडाच्या अंगातून आरपार जातात. ट्रायलोबाईट एका पृष्ठावर असतो, त्याला स्वतःची कड असते आणि कडेशी वळ्या थांबतात. शिवाय त्याच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन उभ्या खाचा असतात. त्यांच्यामुळे मधला फुगीर पट्टा आणि दोन्ही अंगांचे पट्टे वेगळे दिसतात. डोकं, धड आणि शेपूट हे तीन भाग तर एकमेकांसारखे कधीच नसतात. नुसत्या सारख्या वळ्या, खाचा नाहीत, डोकं नाही, असं असेल तर विषय संपला. दगड फारच जड वाटला तर लोहचुंबक लावून बघा, आणि बिनझिलईच्या लादीच्या पाठीवर घासून बघा. लाल रेघ उमटली तर तो आपल्या खाणपट्ट्यातला पट्टेदार लोहखनिजाचा तुकडा असण्याचा संभव जास्त.

मुलगी हिरमुसेल हे मला कळतं. पण तिच्या हातात आहे तो दगड सगळ्यात जुन्या ट्रायलोबाईटच्या सुमारे पाचपट जुना आहे. तिला एकदा ओहोटीच्या वेळी दोना पावलाच्या खडकांवर न्या. तिथल्या ग्रेवॅकच्या, म्हणजे वाळू आणि चिखल मिळून झालेल्या खडकाच्या, थरांत खाली जाड कण आणि वर बारीक होत गेलेले कण दिसतात. समुद्रतळावरून वाळूचिखलाचा लोंढा उतरला, आधी जड कण बसले, मग हलके बसले, आणि तो क्रम आजही तसाच आहे. त्या समुद्रात पाय असलेला, डोळे असलेला एकही प्राणी नव्हता. मला स्वतःला हे ट्रायलोबाईट सापडण्याइतकंच विलक्षण वाटतं.

आता बाजारातला नमुना. मोरोक्कोचं नाव ऐकून लगेच शंका घेऊ नका, तिथे खरोखरच अमाप ट्रायलोबाईट आहेत. एर्फूद आणि आल्निफ या गावांच्या परिसरात डेव्होनियन काळातले, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे थर उघडे पडले आहेत आणि तिथली शेकडो माणसं हेच खोदून, साफ करून पोट भरतात. त्यांच्या हातात फार मोठं कसब आहे. पण मागणी वाढल्यामुळे त्याच भागातून साच्यात रेझिन ओतून केलेल्या नकलाही येतात, अर्धे खरे आणि अर्धे भरलेले नमुनेही येतात.

दहापट भिंग घ्या, घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसं. आधी बुडबुडे शोधा. रेझिन ओतताना हवेचे बारीक गोल खड्डे राहतात, खऱ्या कवचावर ते नसतात. मग जीवाश्म आणि आजूबाजूचा दगड यांच्यातली सीमा बघा. खऱ्या नमुन्यात कवच आणि दगड वेगळ्या घडणीचे दिसतात आणि सीमेवर कोरणीच्या सुईचे ओरखडे असू शकतात. खोट्यात एकच रंग दोन्हीकडे पसरलेला असतो. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा मागच्या बाजूला हलकेच फिरवा, रंग निघाला तर तो रंगच आहे. मागच्या कोपऱ्यात तापवलेली सुई टेकवली आणि प्लॅस्टिकचा वास आला तर पुढे काही बघायची गरज नाही. ही परीक्षा मोठ्यांनीच करावी. ॲसिडच्या भानगडीत मात्र घरी पडू नका.

एक खूण लोकांना उलटी वाटते. नमुन्याच्या अंगावरून, दगडासकट, चिकटवलेली भेग गेली असेल तर आनंद माना. हे ट्रायलोबाईट कठीण चुनखडकात असतात. कामगार हातोड्याने दगड फोडतात, फुटलेल्या तोंडावर कवचाचा आडवा छेद दिसला की दोन्ही तुकडे जपून ठेवतात, चिकटवतात आणि मगच वरचा दगड काढायला सुरुवात करतात. त्यामुळे अस्सल नमुन्याला बहुधा भेग असतेच. भेग नसलेला, निर्दोष, मोठा आणि स्वस्त नमुना असेल तर जपून.

डोळ्यांवर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा. नमुना फॅकॉप्ससारखा असेल, म्हणजे फुगीर डोकं आणि दोन्ही बाजूंना उंच डोळे असतील, तर भिंगाखाली प्रत्येक डोळ्यात सुटी सुटी गोल भिंगं, ओळीने मांडलेली दिसायला हवीत. साच्यातून काढलेल्या नकलेत ती पुसट गोळे होतात किंवा नसतातच. ही भिंगं कॅल्साइटची आहेत, म्हणजे चुनखडीच्याच खनिजाची. जिवंत असतानाच हा प्राणी खनिजाच्या स्फटिकातून जग बघत होता आणि म्हणूनच त्याचे डोळे इतके टिकले. कॅल्साइटमधून पाहिलं की एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. पण स्फटिकाचा एक अक्ष असा असतो की त्या दिशेने बघितल्यास प्रतिमा एकच येते, आणि ट्रायलोबाईटांच्या भिंगांत स्फटिक नेमका त्या दिशेला बसवलेला असतो. १९७५ मध्ये युअन क्लार्कसन आणि रिकार्डो लेवी-सेटी यांनी मांडलं की फॅकॉप्सच्या कुळातल्या काही भिंगांच्या आतली घडण देकार्त आणि हायगेन्स यांनी सतराव्या शतकात कागदावर आखलेल्या निर्दोष भिंगांशी जुळते. मोरोक्कोतल्याच एर्बेनोकाइल नावाच्या ट्रायलोबाईटच्या उंच डोळ्यांवर तर पुढे आलेली कड आहे, वरचा उजेड अडवणारी. म्हणजे तो दिवसा, उजेडाच्या पाण्यात वावरत असणार. एका कडेवरून एवढं कळतं.

पाय दिसत असतील तर थांबा. ट्रायलोबाईटचं पाठीवरचं कवच कॅल्साइटचं होतं, पण पाय, मिशा, कल्ले मऊ होते आणि ते क्वचितच टिकतात. न्यू यॉर्क राज्यातल्या एका थरात पायराइटने भरलेले ट्रायआर्थ्रस मिळतात, तिथे मिशा आणि पाय सोनेरी उमटले आहेत. मोरोक्कोतही ज्वालामुखीच्या राखेत क्षणात गाडले गेलेले कँब्रियन, म्हणजे ट्रायलोबाईटांच्या अगदी सुरुवातीच्या काळातले, ट्रायलोबाईट सापडले, त्यांचं वर्णन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. असे नमुने संग्रहालयात जातात, बाजाराच्या पथारीवर येत नाहीत. तुमच्या नमुन्याला दगडावर पसरलेले सुरेख पाय असतील तर ते कोणीतरी कोरलेले आहेत.

दोन्ही गालांचे तुकडे नसतील तर मात्र नमुना खोटा समजू नका. खेकडा कात टाकतो तसा ट्रायलोबाईटही टाकायचा. डोक्यावर ठरलेल्या शिवणी होत्या, त्या उसवून गाल सुटे व्हायचे आणि प्राणी पुढून बाहेर पडायचा. एक प्राणी आयुष्यात अनेकदा कात टाकतो, त्यामुळे सापडणाऱ्या नमुन्यांत टाकलेली कवचंच भरपूर असतात.

समजा, तुमचा नमुना सगळ्या परीक्षांत उतरला. तरी त्याच्याबरोबर ‘मोरोक्को’ एवढाच शब्द आलेला आहे. कुठला डोंगर, कुठला थर, काही नाही. शोभेला तो उत्तम, मुलीला शिकायला उत्तम, पण विज्ञानाला त्याच्याकडून आता फारसं काही मिळणार नाही. हे मी इतकं ठासून का सांगते, त्याला दोन उदाहरणं आहेत, आणि दोन्ही आपल्या हिमालयातली.

पहिलं चांगलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे हेन्री हेडन स्पितीत फिरले. पाराहिओ नदीच्या खोऱ्यात त्यांनी थर मोजत, कुठल्या पातळीवर काय मिळालं हे लिहीत जीवाश्म गोळा केले. त्यांचा स्पितीवरचा ग्रंथ १९०४ चा. जमवलेल्या ट्रायलोबाईटांचं वर्णन केंब्रिजच्या काउपर रीड यांनी १९१० मध्ये केलं. त्यांत एक लहानसा, काटेरी कडेचा प्राणी होता, त्याला त्यांनी ‘इंडिकस’ हे जातिनाम दिलं. आज तो ओरिक्टोसेफॅलस इंडिकस म्हणून ओळखला जातो. पुढे हाच ट्रायलोबाईट चीनमध्ये आणि इतरत्रही सापडला, आणि सगळीकडे तो साधारण एकाच काळाच्या थरांत येतो असं दिसलं. २०१८ मध्ये कँब्रियनमधल्या वुलियुअन या कालखंडाची सुरुवात जगभरासाठी ठरवली गेली तेव्हा चीनच्या ग्वेझौ प्रांतात एका ठिकाणी उघड्या पडलेल्या थरांत हा ट्रायलोबाईट पहिल्यांदा जिथे दिसतो, तीच पातळी खूण म्हणून घेतली. वय सुमारे ५१ कोटी वर्षं. हेडन यांच्या नोंदी इतक्या नेटक्या होत्या की शंभर वर्षांनी संशोधक पुन्हा पाराहिओत गेले आणि त्यांनी ते थर नव्याने तपासले. पृथ्वीच्या कालगणनेत आपल्या देशाचं नाव असलेला एक ट्रायलोबाईट मैलाचा दगड म्हणून उभा आहे, आणि आपल्या शाळांत हे कोणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण दुःखाचं. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की एका भारतीय प्राध्यापकाने हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं प्रसिद्ध केलेले कित्येक जीवाश्म हिमालयातले असूच शकत नाहीत. त्यांतले काही मोरोक्कोतल्या, बाजारात सर्रास विकल्या जाणाऱ्या नमुन्यांशी हुबेहूब जुळत होते. जीवाश्म खरे होते, जागा खोटी होती. त्यामुळे हिमालयाच्या अभ्यासातली कितीतरी पानं संशयात सापडली आणि प्रामाणिक लोकांना ती निस्तरावी लागली. खऱ्या जीवाश्माला खोटी जागा चिकटवली की नुकसान नकली जीवाश्मापेक्षा मोठं होतं, कारण भिंगाखाली ते सापडत नाही.

म्हणून मुलीला आत्तापासून सवय लावा. व्हाळातला दगडही टाकू नका. त्याच्यावर छोटी पट्टी चिकटवा: गाव, व्हाळाचं नाव, पुलाच्या वर की खाली, तारीख. बाजारातल्या नमुन्याच्या पट्टीवर ‘हणजुणे बाजारातून घेतला, विकणाऱ्याच्या सांगण्यानुसार मोरोक्को’ असं लिहा, त्यापेक्षा एक अक्षर जास्त नाही.

तिला खऱ्या जागेवरचा ट्रायलोबाईट बघायचाच असेल तर भारतात स्पिती आणि काश्मीरमधलं हंदवाडा. रीड यांचे मूळ नमुने कोलकात्याला सर्वेक्षणाच्या संग्रहात आहेत. राजस्थानात बिकानेर जिल्ह्यात दुलमेरा भागातल्या तांबड्या वालुकाश्मात प्राणी नाहीत, पण ट्रायलोबाईट किंवा त्यांच्यासारख्या संधिपादांनी तळाचा गाळ उकरत चालताना पाडलेल्या दुपदरी वाटा आहेत. आणि गोव्यात बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी पोर्तुगालला असतं, म्हणून सांगते: उत्तर पोर्तुगालमध्ये आरोकाजवळ कानेलास गावी पाटीच्या दगडाची खाण आहे. तिथे सुमारे ४६.५ कोटी वर्षांपूर्वीचे, ७० सेंटिमीटरपर्यंतचे अजस्र ट्रायलोबाईट निघाले. खाणमालकाने ते विकले नाहीत, खाणीशेजारीच संग्रहालय केलं. काही फरशांवर एकाच जातीचे अनेक जण दाटीने पडलेले आहेत, बहुधा कात टाकायला एकत्र जमलेले. कोणी तिकडे जाणार असेल तर एक दिवस काढायला सांगा.

राहिला हॉर्सशू क्रॅब. तो ट्रायलोबाईटचा वंशज नाही. त्याचं नातं कोळी आणि विंचवांशी आहे. त्याला मिशा नसतात, तोंडापुढे चिमट्यांची जोडी असते. ट्रायलोबाईटला मिशा होत्या. त्याची ढाल कायटिनची, ट्रायलोबाईटची कॅल्साइटची. शिवाय हॉर्सशू क्रॅबांचे पूर्वज सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत सापडतात, म्हणजे ही दोन्ही घराणी कित्येक कोटी वर्षं एकाच काळात समुद्रात नांदत होती. गोंधळाचं कारणही आहे. हॉर्सशू क्रॅबचं अंड्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू ट्रायलोबाईटसारखं दिसतं आणि शास्त्रज्ञही त्याला ‘ट्रायलोबाईट डिंभ’ म्हणतात. मुलीने बहुधा तेच कुठेतरी वाचलं असेल. संधिपादांच्या वंशवृक्षात ट्रायलोबाईटांची फांदी नेमकी कुठे लावायची, कोळी-विंचवांच्या बाजूला की खेकडे-कीटकांच्या, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण आज जिवंत असलेला कुठलाच प्राणी त्यांच्यापासून उतरलेला नाही, यावर वाद नाही.

हॉर्सशू क्रॅब भारतात ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर येतो, आपल्या किनाऱ्यावर नाही. पण त्याच्यावरचं बरंच भारतीय संशोधन आपल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झालेलं आहे. कायद्याने तो संरक्षित आहे, कोणी वाळवलेला विकत असेल तर घेऊ नका. आणि ट्रायलोबाईट अंग मुडपून गोळी कसा होत असेल हे मुलीला बघायचं असेल, तर पावसात मोल्याच्या किंवा नेत्रावळीच्या रानात पालापाचोळ्यात हात लावताच गोळी होणारा, जाड पाठीचा सहस्रपाद शोधा. नात्याने फार दूरचा आहे, पण पाठीच्या पट्ट्या एकमेकींखाली कशा सरकतात आणि डोकं शेपटीखाली कसं बंद होतं, ते त्याच्याइतकं नीट दुसरं कोणी दाखवत नाही. बघून झालं की त्याला होता तिथेच ठेवा, आणि जागा वहीत लिहून घ्या.